गुलाबाची छाटणी

दसरा झाला, पाऊस सरला, की आजोबा फडताळातील कात्री काढून तिला धार लावीत. नात त्या दिवशी रुसून बसे. तिच्या गुलाबावर तेव्हाही एखादी कळी असेच.

"आजोबा, एवढी फांदी तरी ठेवा ना!" ती विनवी.

आजोबा आधी वाळक्या, रोगट काड्या काढीत. कलमाच्या सांध्याखालून फुटलेल्या रानगुलाबाच्या कोंबाला तर ते मुळीच थारा देत नसत. झाडाचा रस तोच पिऊन टाकी. मग उरलेल्या काडीवर बाहेरच्या अंगाचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा बारीक उंचवटा, शोधून त्याच्या किंचित वर ते तिरका काप घेत. शेंडा असतो तोवर खालच्या डोळ्यांना तो फुटू देत नाही. आणि गुलाबाला फूल येते ते नव्या फुटीवरच. नातीला हे सारे तोंडपाठ होते. पण कळणे निराळे आणि पाहवणे निराळे! कात्री वाजली की ती डोळे मिटून घेई.

एका वर्षी आजोबांचा हात थरथरू लागला. त्यांनी कात्री तिच्यापुढे धरली. ती बराच वेळ कळीकडे पाहत राहिली. मग तिने ती काडी कापली, घरात नेऊन पेल्यातील पाण्यात ठेवली आणि परत येऊन दुसरी काडी धरीत विचारले, "आजोबा, डोळा हाच ना?"