पोत्याची जागा

स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. मोटारसायकलवर मात्र मांड ठोकावी लागते. आमच्याकडे वडिलांची चेतक होती, बजाजने १९७२ साली काढलेल्या घराण्यातली. तिच्या पुढच्या मोकळ्या फळीवर लहानपणी मी उभा राहत असे. वडील गेल्यावर तिथेच आंबेमोहोराचे पोते ठेवून मुळशीहून पुण्याला नेई. पण परतताना पौड सोडून ताम्हिणीकडचा पाऊस लागला, की तिची दहा इंची चाके प्रत्येक खड्ड्यात उतरून त्याची खोली मोजत. त्यात इंजिन उजव्या कुशीला. बिचारी जन्मतःच एका अंगाला कललेली. मोटारसायकलच्या अठरा इंची चाकाला तोच खड्डा ओझरता कळतो.

दुकानदार अश्वशक्ती सांगत होता. मी गाडीची मागची बाजू न्याहाळत होतो. आई एका अंगाने बसते. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय टेकायला आधार आणि मागच्या चाकाला निदान निम्मे आवरण हवे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. नियम करणाऱ्यांनाही नऊवारी नेसणाऱ्या आया असाव्यात! जीव जडला होता एका तांबड्या गाडीवर, पण तिची मागली बैठक माडीसारखी उंच. मी लांब, सपाट बैठकीची साधी काळी गाडी घेतली.

आईने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आणि पोतं रे?"

मी गप्प. तिने टाकीवर वीत टाकून पाहिली, मग बैठकीवर.

"पायली-पायलीनं नेऊ," ती म्हणाली, आणि पदर खोचून मागे बसली.