दोन इंच

मराठीत ‘उंची’ हा शब्द मोठा मजेदार आहे. डोंगराची उंची म्हटले की तो मोजपट्टीचा विषय होतो. उंची अत्तर, उंची पैठणी म्हटले की तो खिशाचा विषय होतो. हे दोन्ही अर्थ मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. पण ते एकाच वस्तूत सुखाने नांदू शकतात, हे मला यंदाच्या श्रावणात कळले. त्या वस्तूचे नाव ‘लिफ्ट किट’.

मोटारीची चाके आणि तिचे धूड यांच्यामध्ये जे पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप असतात, ते बदलून गाडी दोन-चार इंच वर उचलायची. त्यासाठी जो सरंजाम विकत मिळतो त्याला हे नाव आहे. ‘मराठीच्या प्राध्यापकाला ही उठाठेव कशाला?’ असे आपल्या मनात येईल. आमच्या सौभाग्यवतीच्याही मनात तेच आले होते, आणि तिने ते मनात ठेवले नव्हते.

पण उठाठेवीला कारण होते. आमचे गाव भोरच्या पलीकडे, हिरडस मावळात. आमचे गणपती आणि गौरी अजून तिथल्याच घरात बसतात. डांबरी सडक सोडली की भातखाचरांच्या कडेने जाणारी शेवटची दीड-दोन किलोमीटरची वाट म्हणजे भाद्रपदात ओढा, चिखल आणि धोंडे यांचे संयुक्त संमेलन. त्या वाटेसाठी मी चार वर्षांपूर्वी एक जुनी जिप्सी घेतली. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली. आता ती नवी निघत नाही. शिडीसारखी मजबूत चौकट, पुढेमागे अखंड आस, चारी चाकांवर पाटे आणि पोटाखाली २१० मिलिमीटर मोकळी जागा, असा तिचा थाट. बैलगाडीची शिकलेली बहीण म्हणा ना!

गेल्या वर्षी ही शिकलेली बहीण एका धोंड्यावर पोट टेकून बसली. आई शहात्तर वर्षांची. उरलेली वाट ती माझ्या खांद्याला धरून चिखलातून चालली, गौरी बसवल्या, आणि पुण्यात आल्यावर महिनाभर गुडघा धरून पडून राहिली. यंदा श्रावण लागताच तिने मखराचे सामान सुनेच्या हवाली केले आणि म्हणाली, “माझं आता काही खरं नाही. तुम्हीच बसवा गौरी.” लग्न होऊन आल्यापासून तिची एकही गौर चुकलेली नव्हती.

“मामा, दोन इंच लिफ्ट टाक. प्रश्न मिटला!” इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणाला.

प्राध्यापकाला विषय मिळाला की तो आधी टिपणे काढतो. मीही काढली. गाडी उचलण्याच्या इतक्या तऱ्हा असतील असे मला वाटले नव्हते. पाट्याचे एक टोक ज्या दुव्याला टांगलेले असते तो शॅकल लांब करणे, ही सर्वांत स्वस्त तऱ्हा. पण दुवा दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही. शिवाय पुढच्या आसाचा कल बिघडून स्टिअरिंग भरकटू लागते. पाट्यांच्या जुडीत आणखी एक पाटा घालावा, तर गाडी इतकी ताठ होते की खड्ड्यात चाक खाली उतरायलाच राजी नसते. आणि वाकड्या वाटेवर चाकाने जमीन धरून राहावी हेच तर पाट्याचे काम. तिसरी तऱ्हा धाडसाची. जिप्सीचे पाटे आसाच्या खाली बांधलेले असतात, ते आसाच्या वर बांधायचे. एकदम चार-पाच इंच! मग मात्र ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, प्रोपेलर शाफ्ट तिरपा होऊन त्याच्या सांध्यांवर ताण येतो, आणि एका बदलामागून दहा बदल दारात उभे राहतात. चौथी तऱ्हा म्हणजे जास्त कमानीचे पाटे आणि त्यांना साजेसे लांब शॉकअप यांचा तयार संच. हेच ते किट. त्याची किंमत ऐकली आणि ‘उंची’चा दुसरा अर्थ मला नव्याने उमगला.

एका गोष्टीने मात्र मी चक्रावलो. गाडीखाली सर्वांत जास्त लोंबतो तो आसावरचा डिफरन्शियलचा गोळा. पाटे कितीही उंच करा, हा गोळा तसूभरही वर जात नाही, कारण त्याची सोबत चाकांशी असते. त्याला वर न्यायचे तर मोठे टायर हवेत. आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एकच इंच चढतो. म्हणजे एवढा पैसा ओतून उंच होते ती वरची चौकट. जमिनीशी ज्याची गाठ, तो जिथल्या तिथे! काही माणसांच्या बढतीचेही असेच असते. पण ते असो.

एका रविवारी भाच्याने मित्राची उचललेली, मोठ्या टायरांची जिप्सी आमच्या दारात आणून उभी केली. सगळ्यांचा चहा झाला. आई मधेच उठून कुठेशी जाऊन आली. बाहेर पडताना मी म्हटले, “आई, चल ना, एक फेरी मारून येऊ.”

“तुम्ही या जाऊन. माझा कुकर व्हायचाय,” ती म्हणाली.

त्या गाडीत बसल्यावर मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले, हे मी कबूल करतो. शेजारच्या मोटारींची छपरे दिसत होती. कात्रजच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलली आणि माझ्या पोटात धस्स झाले. उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो, हे टिपणातले वाक्य तिथे अंगावर आले. तरीही घरी येईपर्यंत किट घ्यायचे हे मी ठरवून टाकले होते.

गाडी सकाळी जिथे उभी होती तिथे भिंतीला टेकवून ठेवलेला पाट मला दिसला. तो देवघरातला पाट होता, ज्याला आई एरवी कुणाचा हात लागू देत नाही. त्यावर चिखलाच्या पावलाचा ठसा होता. एकाच पावलाचा. दुसरे पाऊल गाडीपर्यंत पोचलेच नव्हते.

मी काही बोललो नाही. पाट धुऊन जागच्या जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी आमची जिप्सी घेऊन नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली शिरून टेप धरला, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, “सर, गाडी बुटकी नाही, गाडी बसलीय. पाटे पार सपाट झालेत, मागचा एक तर तुटलाय. दीड इंच तिथंच गेलाय. हिला उंच कशाला करता? आधी उठवा तरी! आणि पासिंगला आरटीओत न्याल तेव्हा काय सांगाल?”

तेही खरेच होते. कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. माझ्या टिपणांत हे एवढेच राहून गेले होते. आवडत्या विषयाच्या अभ्यासात गैरसोयीचा संदर्भ नेहमीच राहून जातो.

“जुने ठोकून कमान देऊ का?” त्यांनीच विचारले आणि त्यांनीच उत्तर दिले, “नको, काही दिवसांनी परत बसतील. नवे घाला, मूळ मापाचे.” नवे पाटे, नवे बुश, नवे शॉकअप असा साज चढवून जिप्सी उभी राहिली. सुताराकडून मी एक बुटकी, रुंद पायरी करून घेतली आणि सीटमागे ठेवली. भाचा जरा हिरमुसला. “मामा, पण तो धोंडा?” त्याने विचारले. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आई पायरीवर एक पाऊल ठेवून, मग दुसरे ठेवून, कुणाचाही हात न घेता पुढच्या सीटवर बसली. ओढा पार झाला. धोंड्यापाशी मी गाडी थांबवली. दीड इंच परत मिळाला होता, तरी त्या धोंड्याला तो पुरेल अशी खात्री वाटेना. भाचा आणि मी खाली उतरलो आणि चाकोरीत दगड भरू लागलो. गाडी उचलायची नाही, तर वाट उचलायची! वाड्यावस्त्यांवरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली असतील.

“तो नको, तो डुगडुगतोय. त्याच्या मागचा चपटा घे,” गाडीतून आईचा आवाज आला. तिने काच खाली केली होती आणि बोटाने एकेक दगड दाखवीत होती. पाऊस भुरभुरत होता. भाच्याच्या बुटांत पाणी शिरले होते.

गाडी हळूहळू पुढे गेली. पोटाखाली एकदा ‘खर्र’ झाले. आईने डोळे मिटले, मग उघडले.

“टेकली थोडी,” ती म्हणाली, “पण गेली.”