तालीम आपली, वस्ताद कुणाचा?

चौदा एप्रिल जवळ आला की लाठी फिरवायला पोरं मिळतात. पंधरा एप्रिलला मिळत नाहीत. दोस्तांनो, तालीम काढायची असेल तर हे आधी वहीत लिहून ठेवा. आम्ही १९८७ साली लिहिलं. मार्चात हजेरीला ३८ नावं होती. जूनमध्ये ७.

आमची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला. भोवती ऊस. माणसं साखर कारखान्यावर पाळीला, नाहीतर दुसऱ्याच्या रानात. गावाला तालीम होती. तालमीत मारुती होता. मारुती होता म्हणून आम्ही नव्हतो. गावाची पोती वाहायला माझ्या बापाची पाठ चालायची, तालमीतल्या लाल मातीला चालायची नाही. त्यानं ती माती जन्मभर दारातून बघितली.

म्हणून आम्ही मोठ्या माणसांची तालीम काढली. तिशी-चाळिशीची, बिडी ओढणारी, गुडघे धरलेली माणसं. समाजमंदिराच्या मागची बाभळ तोडून जागा केली. कुस्तीचा हौद परवडणारा नव्हता. मातीत तेल, हळद, ताक घालायचं म्हणतात, इथं कालवणात तेल नाही. लाठीला काय लागतं? कानाच्या उंचीचा भरीव बांबू आणि रोजचा एक तास.

शिकलेले काही कार्यकर्ते हसले. म्हणाले, काठ्या कसल्या फिरवता, वाचा. वाचतो की. महाडचंच वाचलं. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालेली माणसं मांडवात जेवत होती, त्यांच्यावर जमाव चालून गेला. आलेल्या लोकांत पलटणीतून परतलेले महार होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. आता विचार करा, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आवरायचं काय? तो गप्प बसला तर त्याला संयम म्हणत नाहीत. समता सैनिक दल १९२७ चंच. आणि त्याच साली १ जानेवारीला बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात कोरेगावच्या स्तंभाला आले होते. इंग्रजानं महारांची भरती बंद केली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. पुढं महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ ला. मधल्या काळात कवायत विसरलेले हात किती, ते आमच्या वस्तीत बघायला मिळायचे.

शिकवायला वस्ताद मिळाले ते मांगवाड्यातले. साठी उलटलेली. लग्नसराईत बँडमध्ये ढोल, बाकीच्या दिवसांत दोर वळायचे. दांडपट्टा, फरी-गदका, लाठी, सगळं येत होतं. पैसे मागितले नाहीत. एकच मागितलं. समाजमंदिरात लहुजींचा फोटो लावा म्हणाले.

झालं. बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, जोतिबा आहेत, आता हे कशाला? पोरं फुरफुरली. एकजण तोंडावर म्हणाला, "आवो वस्ताद, ह्यो तुमच्या जातीचा मानूस. जातीचं फोटू इथं न्हाय लागत." वस्ताद काही बोलले नाहीत. लाठी भिंतीला टेकवली आणि गेले. दोन महिने आले नाहीत. तालीम बसली. जात मोडायला निघालेली आपली पोरं मांगवाड्याच्या उंबऱ्याशी अडखळतात, हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण आपल्या पानांवर नाही लिहायचं तर कुठं?

मीटिंग लावली. वस्तादांना घरी जाऊन बोलावून आणलं. ते उभे राहून बोलले, "जोतिबाचा फोटू चालतो ना तुमाला? त्यास्नी दांडपट्टा कुनी शिकीवला? लहुजी वस्तादानं. पुन्यात, गंजपेठेत. बाबासायबांनी जोतिबाला गुरू मानलं. आता गुरूचा वस्ताद दाराभाईर उभा ऱ्हायला, तर आत बसल्यालं गुरू काय म्हनतील?"

कुणाकडं उत्तर नव्हतं. ज्यानं तोंडावर बोल लावला होता त्यानंच पुण्याहून फोटो आणला. खिळाही त्यानंच ठोकला. त्या दिवसापासून मांगवाड्यातली ११ माणसं यायला लागली. तालीम खऱ्या अर्थानं तिथून धरली असं माझं मत आहे.

टिकली कशी, ते विचारतात. पहिला महिना वार नाही, नुसता पवित्रा. पाय कुठं, नजर कुठं. थकलेल्या माणसाला आल्या आल्या शंभर बैठका काढायला लावल्या की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, त्याचे गुडघेही येत नाहीत. कारखान्याची पाळी बदलते, म्हणून तास दोन ठेवले. नव्याची जोडी जुन्याशी. तीन दिवस कुणी दिसला नाही तर त्याच्या घरी जायचं. का आला नाहीस, असं विचारायचं नाही. चहा प्यायचा आणि उठायचं. चौथ्या दिवशी माणूस येतो. वर्गणी थकली तर चालते, हजेरी थकलेली चालत नाही. पिऊन आलेल्याला परत पाठवायचं. घरात बायकोवर हात टाकला तर नाव कापायचं. असं एकदा कापलं. गडी चांगला फिरवणारा होता, वस्तादांचा लाडका. वस्तादांनीच वहीत रेघ मारली. वर्षानं तो बायकोला बरोबर घेऊन आला. ती पुढं, हा मागं.

बायका तशाच सुरू झाल्या. उसाच्या रानात अंधारातून जाणाऱ्या त्या, खरी गरज त्यांची. कुणीतरी म्हणालं, लाठी जड होईल. ती म्हणाली, "दिसभर कोयता चालीवतो आमी. काठी जड व्हईल व्हय?" मनगट धरलं तर सोडवून कसं घ्यायचं, हे वस्तादांनी त्यांना आधी शिकवलं, मग लाठी. सिनेमा बघून कराटे मागणारी पोरंही मधे आली. आली आणि गेली. बायका राहिल्या.

वस्ताद गेले १९९९ ला. मयतीला बँड नको म्हणाले होते. आम्ही दोन्ही वाड्यांच्या लोकांनी लाठ्या उभ्या धरून सलामी दिली. आता शिकवते ती त्यांची सून.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. संध्याकाळी सातला, पाळी असेल तर नऊला. इंदापूरच्या एसटीत बसा आणि वस्तीवर उतरून तालीम विचारा. लाठी आणू नका, इथं आहे. पायात मात्र चप्पल नको.