ओटीपी आला का गं?

सिनॅरिओचा फंडा मला एका आयटीवाल्या मैत्रिणीने समजावला. अ‍ॅप बनवायच्या आधी एक छोटी गोष्ट लिहायची. माणूस कोण, उभा कुठे, अडलंय काय? स्क्रीन, बटणं वगैरे सगळं नंतर. जॉन कॅरोल या अमेरिकन संशोधकाने १९९५मध्ये यावर अख्खं पुस्तक संपादित केलंय म्हणे. गोष्टी लिहायच्या आणि वर पैसे? फ्रीलान्सरला आणखी काय हवं! शेतकऱ्यांसाठीच्या एका अ‍ॅपचं काम मी लगेच घेतलं.

माझा हीरो रमेश. वय ३५, शेती पाच एकर, हातात स्मार्टफोन. रमेश बांधावर उभा राहतो, अ‍ॅप उघडतो, ओटीपी टाकतो, काम फत्ते! पुण्यातल्या एसी मीटिंग रूममध्ये मी हा रमेश झोकात वाचून दाखवत होते, तेवढ्यात मंठ्याहून मामांचा फोन. कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट.

संध्याकाळी लावला. मामा मंठ्यात सेंटरवर शेतीचा एक फॉर्म भरायला गेले होते. दिवाळीत त्यांच्या नावापुढे मीच माझा नंबर दिला होता, 'मामा, तुम्हाला कशाला टेन्शन?' म्हणत.

"लई वेळ बसलो माय. पोरगं म्हणलं, ओटीपी भाचीकडं गेला. तू कामात असशील म्हणून आलो उठून."

"शेवटची तारीख कधी आहे?"

"आजच होती की."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. माझ्या इनबॉक्समध्ये तीन ओटीपी पडले होते. तिन्ही एक्स्पायर.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा स्वतः नोंदवायचा. त्यात एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय आहे. म्हणजे फोन एकाचा आणि शेतं चौघांची, हा सिनॅरिओ कुणाला तरी सुचला होता. मंठ्याच्या भाचीला नाही सुचला!

रमेशला मी सुट्टी दिली. नव्या गोष्टीत साठीचा शेतकरी सेंटरच्या बाकड्यावर बसलाय आणि ओटीपी पुण्यात वाजतोय. "ही एक्सेप्शनल केस आहे," क्लायंट म्हणाला. मी कॉल लॉग दाखवला. गोष्ट राहिली.

मग मामांचा नंबर बदलायला मंठ्याला गेले. त्यासाठीही जुन्या नंबरवर ओटीपी येणार होता. मामांनी विचारलं, "आला का गं?"