चित्र बघणारा डोळा कोणाचा?

क्लेमेंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकाने १९६० मध्ये मांडले, की चित्राने आपल्या सपाट पृष्ठभागाशी प्रामाणिक राहावे. चित्रातली गोष्ट अशा आधुनिकतावाद्यांना नकोशीच. म्हणजे प्रेक्षक हा नुसता डोळा, त्याला ना जात, ना भूक! समाजशास्त्रात एम.ए. केले, पण असला माणूस कुठे भेटला नाही.

नागपूरला जन्मलेले दोन चित्रकार घ्या. वासुदेव गायतोंडे (१९२४) यांच्याकडे रंगांचे थर. सवी सावरकर (१९६१) यांच्याकडे गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य. द्वारकेच्या आमच्या वस्तीत दोघांच्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. मडके पोरांनी लगेच ओळखले. पण गायतोंडेंपुढे एक मुलगी बराच वेळ उभी राहिली. आपल्या पोरांना फक्त दुःखाचीच चित्रे कळतात, हा समजही जातीयच आहे.

उत्तर-आधुनिकवाले म्हणतात, अर्थ प्रेक्षक घडवतो. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. अर्थ सांगण्याचा पंडितांचा मक्ता मोडला, हे बरेच झाले. पण सगळेच अर्थ सारखे म्हटले, की ते मडके कुणालाही 'सुंदर आकार' ठरवता येते. आणि आमचा लेखक, आमचा चित्रकार तर आत्ता कुठे बोलू लागला होता. त्याला मारायची एवढी घाई कुणाला?