शिक्का कुणाचा, गल्ला कुणाचा?

काल संध्याकाळी गुलमंडीवर चहा घेत होतो. भाच्यानं मोबाइल पुढे केला. "मामा, तुझ्या पेटीतली क्रिकेटची चित्रं अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवू का? पैसे साठवलेत मी."

आमच्या लहानपणी बिगफन बबलगमसोबत ती चित्रं मिळायची. त्यावर रन, विकेट छापलेल्या. आता तिकडच्या कंपन्या अशी कार्डं तपासतात, एक ते दहा ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात. नऊ आणि दहातला फरक डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र कित्येक पटींचा!

पोरगं खिशातले पैसे घालणार, म्हणून रात्री वाचत बसलो. 1991 ची पीएसए यात सगळ्यात मोठी. 2021 मध्ये इतकी कार्डं साचली की बहुतेक सेवा बंद ठेवाव्या लागल्या. तिची स्पर्धक एसजीसी. 2022 मध्ये बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं 1952 चं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, त्यावर एसजीसीचाच शिक्का होता. 2024 मध्ये पीएसएच्या मालकानं ती एसजीसीच विकत घेतली. जुनी नाणी तपासणारी पीसीजीएससुद्धा त्याच घरची. पाट्या वेगळ्या, गल्ला एक.

खरी गंमत फीची. ती कार्डाच्या किमतीवर ठरते. ग्रेड चांगली लागून किंमत वरच्या टप्प्यात गेली, तर वरचे पैसे मागतात. म्हणजे मार्क वाढले की परीक्षकाची कमाई वाढते. बेइमानीचा आरोप मी करत नाही. पण असा पेपर तपासणारा आपण शाळेत चालवून घेतला असता का?

आपल्या सराफ्यातलं बघा. हॉलमार्कचं शुल्क नगावर, वजनावर नाही. सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी मोबाइलवर तपासता येतो. सोनं कमी शुद्ध निघालं तर फरकाच्या दुप्पट भरपाईचा नियम आहे. तिथंही सगळं आलबेल नाही. केंद्र निवडतो सराफ, पैसेही तोच देतो, मग केंद्र कुणाला सांभाळणार? पण निदान वर बीआयएस बसलेली आहे, तक्रारीला दार आहे. कार्डवाल्यांच्या वर असं कुणीच नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, पण मन काही वळलं नाही. शेवटी आज सकाळी पेटी काढली. त्यानं एक चित्र उलटं केलं आणि हसायलाच लागला. मागं निळ्या शाईत माझं नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली 'चोरू नये'.

"मामा, हे तर गेलं कामातून."

बाकीची तो अजून चाळतोय.