हलगी चढते तेव्हा

सराव संपवून सात रस्त्यावर चहा घेतला. खांदे ठणकतायत, मन मात्र विलक्षण हलकं. काल नेमकं उलट होतं. अंग ताजं होतं आणि रडू आवरत नव्हतं.

गणपती जवळ आले की सोलापुरात मंडळांचे लेझीमचे सराव रात्री रंगतात. मी चाळिशी उलटल्यावर या रांगेत आले. 'चार आवाज' हाताला लवकर जमतात: दांडा आणि साखळी उघडायची, मिटायची, चकत्यांचा आवाज हलगीच्या ठोक्यावर पाडायचा. लेझीम मुळात आखाड्यातला व्यायाम. दंड आणि मांड्या दोन्ही भरून येतात. 'पवित्रा' सुरू झाला की पाय ऐकेनासे होतात. आपली एकटीची लेझीम मागून वाजली, तर ती अख्ख्या रांगेला ऐकू येते. ते फार लागतं. घरी येताना वाटतं, आता पुरे.

टँगोत एका जोडीदाराचा कल ओळखून पाऊल टाकायचं असतं. इथे सगळ्या रांगेचा. पण एखाद्या रात्री हलगी चढते, लय दुपटीवर जाते आणि मनातलं मोजणं थांबतं. शेजारची वळते तेव्हा मीही वळलेली असते. तेवढ्या काही मिनिटांसाठी पुढचे कितीही वाईट दिवस मला मंजूर आहेत.

उद्या 'दो रुख' शिकवणार आहेत. धास्ती वाटतेय, आणि कधी एकदा संध्याकाळ होते असंही झालंय.